दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या बायका आता आपल्या गावांतूनही निघू लागल्या आहेत. आमच्या गटातल्या एक मावशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचा पासपोर्ट आम्ही सगळ्याजणींनी हातात घेऊन पाहिला. व्हिसावरची शेवटची तारीख दहा वर्षांनंतरची होती. मावशी म्हणाल्या, "म्हणजे दहा वर्षं राहिले तरी कुणी उठवणार नाही." आम्हालाही ते खरंच वाटलं होतं. चौकशी केल्यावर कळलं, की तसं नाही.

व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. अमेरिकेच्या व्हिसावर 'एंट्रीज' या शब्दाखाली 'एम' हे अक्षर असेल, तर त्या मुदतीत कितीही वेळा जाता येतं. पण एका खेपेला किती दिवस राहायचं, ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. भेटीला आलेल्यांना बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. ही तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. पासपोर्टवर शिक्का नसला तरी ती सरकारी वेबसाइटवर दिसते. पोचल्यावर दोन-चार दिवसांत मुलांना ती काढायला सांगा, छापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करा. व्हिसावरची तारीख विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

ही तारीख एका दिवसानेही ओलांडली तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो आणि पुन्हा नव्याने अर्ज करावा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त काळ बेकायदा राहून परत आलात तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं तिथे प्रवेश मिळत नाही. "बाळ लहान आहे, अजून दोन महिने थांब ना आई," असं लेक म्हणते आणि आईचा पाय निघत नाही. पण त्या दोन महिन्यांपायी दुसऱ्या नातवाच्या वेळी जाताच आलं नाही तर? खरंच थांबावं लागणार असेल, तर मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज करता येतो. त्याला 'आय-५३९' म्हणतात. तो किमान ४५ दिवस आधी भरावा, असं तिथलं खातंच सांगतं.

सहा महिने राहून आलं की लगेच दुसऱ्या महिन्यात पुन्हा जावं का? किती दिवस घरी राहायचं असा लेखी नियम नाही. पण ही बाई भेटायला येते की इथेच राहायला लागली आहे, हे अधिकारी पाहतो. जितके दिवस तिकडे राहिलो, निदान तितके तरी इकडे राहावं, हे आमचं मत.

सगळे देश सारखे नाहीत. इंग्लंडचा भेटीचा व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेला सहा महिनेच राहता येतं. कॅनडात मात्र आईवडील आणि आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो.

मुलाखतीला आणि विमानतळावर खरं तेच सांगा. लेकीचं बाळंतपण आहे, तिला भेटायला चालले, अमुक महिन्यात परत येणार. पैसे घेऊन काम करायला मात्र या व्हिसावर बंदी आहे. शेजारच्या मराठी घरांना पोळ्या लाटून देऊन डॉलर घेणं हेही त्यातच येतं. आपल्या हाताला सवय असते, कुणी आग्रहही करतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना तिकडे चालत नाही आणि तिथला दवाखाना फार महाग. प्रवासी विमा काढूनच जा. बीपी, शुगर असे जुने आजार त्यात किती धरलेत, ते आधी विचारा. बऱ्याच विम्यांत ते धरत नाहीत. पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. थोडी हातातल्या पिशवीत ठेवा. आणि दुबईला उतरणार असाल तर खसखस अजिबात नेऊ नका, तिथे तिला बंदी आहे. डिंकाच्या लाडवांत घातली असेल तर तीही आलीच.

आता आपल्या घरचं आणि गटाचं. मोबाइलचं सिम चालू ठेवा आणि ते परदेशात चालेल असं करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. पेन्शन असेल आणि नोव्हेंबर तिकडे जाणार असेल, तर हयातीच्या दाखल्याचं आधीच विचारा. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

आमच्या मावशी गटाच्या सचिव. बँकेत त्यांची सही चालते. त्या म्हणाल्या, "कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवते." आम्ही ते होऊ दिलं नाही. बैठक घेतली, ठराव लिहिला, बँकेत दुसऱ्या बाईची सही लावून घेतली. मावशींचा कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून दर महिन्याला कापला जाईल, असं बँकेला लिहून दिलं. मगच त्यांनी बॅग भरायला घेतली. त्यांची परतीची तारीख गटाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिली आहे.