कॉम्प्युटरची स्क्रीन रेकॉर्ड करायची आहे? सॉफ्टवेअर निवडण्याआधी हे वाचा



टॅलीमध्ये एन्ट्री कशी करायची, आपल्या वेबसाइटवर ऑर्डर कशी टाकायची, जीएसटी पोर्टलवरून रिटर्नची कॉपी कशी डाउनलोड करायची... या गोष्टी आपण फोनवर पुन्हा पुन्हा समजावत बसतो. एकदा स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवली की तोच व्हिडिओ ग्राहकाला पाठवा, नव्या कामगाराला दाखवा, कोर्समध्ये वापरा.

पण इंटरनेटवर ‘स्क्रीन रेकॉर्डर’ शोधलं की नावांची रांगच लागते. कुठलं घ्यायचं? माझं म्हणणं एवढंच आहे की नावापासून सुरुवात करू नका, कामापासून करा.

आधी तीन प्रश्न

१. व्हिडिओ कोण बघणार? एक ग्राहक, आपला स्टाफ, की पैसे भरलेला विद्यार्थी?
२. किती मोठा? दोन मिनिटांचा की तासाभराचा?
३. काय काय हवं? फक्त स्क्रीन आणि तुमचा आवाज, की कोपऱ्यात तुमचा चेहराही?

एका ग्राहकासाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा असेल तर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. विकायचा कोर्स असेल तर गणित वेगळं.

कॉम्प्युटरमध्ये आधीच काय आहे ते बघा

विंडोज ११ असेल तर त्यातलं ‘स्निपिंग टूल’ उघडा. स्क्रीनशॉट काढायचं हेच टूल व्हिडिओही रेकॉर्ड करतं. कॅमेऱ्याचं चिन्ह निवडायचं, स्क्रीनचा हवा तेवढा भाग माउसने आखायचा आणि सुरू. माइकचा पर्याय दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ते अपडेट करून घ्या.

विंडोज १० असेल तर विंडोज आणि जी ही दोन बटणं एकत्र दाबा. ‘गेम बार’ उघडेल. नाव गेमचं असलं तरी आपल्या कामालाही चालतं. फक्त एक अडचण आहे. तो एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी रेकॉर्ड करतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्यात येत नाही. म्हणजे ब्राउझरमधून फाइल डाउनलोड करून ती फोल्डरमध्ये कुठे गेली हे दाखवायचं असेल, तर गेम बारचा उपयोग नाही.

मॅक असेल तर शिफ्ट, कमांड आणि ५ दाबा. रेकॉर्डिंगची पट्टी समोर येईल. तिथल्या ऑप्शन्समध्ये जाऊन माइक निवडायला विसरू नका, नाहीतर मुका व्हिडिओ तयार होईल.

मोठं काम असेल तर ओबीएस स्टुडिओ

हे मोफत आणि ओपन सोर्स आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. वेळेची मर्यादा नाही, व्हिडिओवर कुणाचा शिक्का नाही. स्क्रीन, कॅमेरा आणि माइक एकत्र घेता येतात.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण पहिल्यांदा उघडलं की समोर काळा पडदा दिसतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. बिघाड काही नसतो. काय रेकॉर्ड करायचं ते आपण त्याला अजून सांगितलेलंच नसतं. खाली ‘सोर्सेस’मध्ये अधिकच्या चिन्हावर क्लिक करून ‘डिस्प्ले कॅप्चर’ निवडा, स्क्रीन दिसू लागेल.

आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून एक सेटिंग नक्की बघून घ्या. साधी एमपी४ फाइल रेकॉर्ड होत असताना कॉम्प्युटर बंद पडला, तर ती अख्खी फाइल बहुधा उघडतच नाही. एमकेव्ही फॉरमॅट निवडला तर तोपर्यंत झालेलं रेकॉर्डिंग हाती राहतं. नंतर ओबीएसमध्येच ‘रीमक्स’ करून त्याची एमपी४ बनवता येते.

ओबीएसमध्ये एडिटिंग मात्र नाही. पुढचं-मागचं कापायला विंडोजवाल्यांनी मायक्रोसॉफ्टचं ‘क्लिपचॅम्प’ वापरावं. त्याच्या मोफत प्लॅनमध्येही फुल एचडी व्हिडिओ शिक्क्याशिवाय निघतो.

पैसे कधी द्यायचे?

कॅमटेशियासारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग आणि एडिटिंग एकाच जागी होतं. हवं तिथे झूम करा, बाण काढा, खाजगी माहिती धूसर करा. तुम्ही नियमित कोर्स बनवता आणि एडिटिंगमध्ये तास जातात, तर त्याचे पैसे वसूल होतात. पण पहिला कोर्स विकला जायच्या आधीच वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन बसू नका. आधी मोफत साधनांवर दहा व्हिडिओ करा. कुठे अडतं ते कळलं की मगच खिशात हात घाला.

‘फ्री’मधली मेख

‘फ्री’ शब्दाखाली बरंच काही लपलेलं असतं. बँडिकॅमची मोफत आवृत्ती १० मिनिटांवर थांबते आणि व्हिडिओवर आपलं नाव छापते. लूमच्या मोफत प्लॅनमध्ये एक व्हिडिओ ५ मिनिटांचाच करता येतो. कंपन्या या अटी बदलत असतात, म्हणून तासाभराचं रेकॉर्डिंग करण्याआधी एक मिनिटाचं करून, सेव्ह करून, पूर्ण बघा.

आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर? अजिबात नाही! ज्या कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंग, जीएसटी लॉगिन आणि ग्राहकांची यादी आहे, त्यावर अनोळखी माणसाने बदललेली फाइल चालवायची? ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे व्हायरस अशाच फाइल्समधून येतात. वाचवायला जाल काही हजार आणि पणाला लागेल अख्खा धंदा. मोफत सॉफ्टवेअरसुद्धा मूळ वेबसाइटवरूनच घ्या, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून नको. ओबीएसची साइट आहे ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम.

हार्ड डिस्कचा हिशोब

फाइल किती मोठी होणार हे ‘बिटरेट’वर ठरतं. २५०० केबीपीएसला एका मिनिटाचे साधारण १९ एमबी होतात, म्हणजे तासाला १.१ जीबीच्या आसपास. ६००० ठेवला तर तासाला २.७ जीबी. एक्सेल किंवा टॅलीच्या स्क्रीनवर फारशी हालचाल नसते, त्यामुळे कमी बिटरेटही बहुतेक वेळा पुरतो.

रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

- नोटिफिकेशन बंद करा. मध्येच ओटीपी किंवा कुणाचा खाजगी मेसेज स्क्रीनवर झळकायला नको.
- ग्राहकाचा पॅन, आधार, मोबाइल नंबर दिसत नाही ना, बघा. शिकवण्यासाठी खोट्या नावांची डेमो कंपनी तयार करून ठेवा.
- ब्राउझर १५० टक्के झूम करा. बघणारा बहुतेक मोबाइलवरच बघणार आहे.
- पंखा बंद, दार बंद. मोबाइलच्या इअरफोनचा माइकही लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरेचदा बरा असतो. चित्र थोडं कमी चांगलं असलं तर लोक चालवून घेतात, पण आवाज कळला नाही तर व्हिडिओ बंद करतात.

थोडक्यात

ग्राहकासाठी छोटा व्हिडिओ: कॉम्प्युटरमधलंच टूल.
स्टाफचं ट्रेनिंग किंवा पहिला कोर्स: ओबीएस, सोबत क्लिपचॅम्प.
नियमित विक्रीचे कोर्स: हिशोब करून पेड सॉफ्टवेअर.

आता एक काम करा. जो प्रश्न ग्राहक तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, त्याचं उत्तर आजच दोन मिनिटांत रेकॉर्ड करा आणि एका ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. त्याला फक्त दोनच गोष्टी विचारा: अक्षरं वाचता आली का, आणि आवाज नीट आला का? दोन्हीला ‘हो’ आलं, तर तुमचं सॉफ्टवेअर ठरलं!