अर्ध्या सेकंदाचा उशीर

मार्च 2024 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड एक चाचणी घेत होते. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतोय, हे त्यांना खटकलं. माग काढत ते 'एक्सझेड' या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी पोचले. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट होती.

मुक्त स्रोत प्रकल्पाचा कोड कुणालाही वाचता येतो. मग हे लपलं कसं? घातक भाग चाचणीच्या, उघडून काहीच न कळणाऱ्या फाइलींत दडवला होता. त्याला जागं करणारी स्क्रिप्ट मात्र सार्वजनिक कोडमध्ये नव्हतीच. ती होती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात. तो गठ्ठा काढणारा 'जिया टॅन' नावाने वावरत होता आणि बराच काळ उपयुक्त काम करून अधिकृत देखभालकर्ता झाला होता. त्यामुळे डिजिटल सहीही खरीच. सही पाठवणारा कोण ते सांगते, आत काय आहे ते नाही.

म्हणून जाहीर कोडपासून कुणीही बांधलं तरी बिट न बिट तेच सॉफ्टवेअर निघायला हवं, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. डेबियन प्रकल्प 2013 पासून त्यामागे आहे.

पण प्रश्न फक्त तंत्राचा नव्हता. एक्सझेडचा भार वर्षानुवर्षं एकाच स्वयंसेवकावर होता. नवी आवृत्ती काढा, मदतनीस घ्या, असा तगादा त्याच्यामागे लावला गेला. त्या थकलेल्या माणसाला वेळीच खरा सोबती मिळायला हवा होता.