मॅट, सॅटिन की ग्लॉसी?

नवरात्र संपता संपता रंगाऱ्यांना उसंत मिळेनाशी होते. घरोघरी शेडकार्डं उघडली जातात, मोतिया की फिकट आबोली यावर दोन-दोन संध्याकाळी चर्चा रंगते. मग रंगारी विचारतो, "फिनिश कोणतं धरू?" आणि बहुतेक घरांतून उत्तर येतं, "चांगलं असेल ते लावा." भिंत चार-पाच वर्षांनी कशी दिसणार, हे मात्र शेडपेक्षा या उत्तरावर जास्त ठरतं.

रंगाच्या डब्यात रंगद्रव्य आणि खडूसारखी भरीची पूड असते, आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवणारा बाइंडर असतो. बाइंडर जास्त असला की रंग वाळल्यावर गुळगुळीत, सलग पापुद्रा तयार होतो. त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेला परततो आणि भिंत चकाकते. पूड जास्त असली की पृष्ठभाग बारीक खडबडीत राहतो, प्रकाश विखुरतो, भिंत मॅट दिसते. गुळगुळीत पापुद्र्यावरचा डाग ओल्या फडक्याने निघतो. मॅटवर तोच डाग घासला तर घासलेली जागाच वेगळी चमकू लागते.

म्हणून सगळीकडे ग्लॉसी लावावं का? मुळीच नाही. रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी भिंतीला टेकवून तिरकी धरली, की गिलाव्याचे उंचवटे, थापीच्या खुणा, लांबी नीट न घासलेल्या जागा एकदम उठून दिसतात. ग्लॉसी रंग हेच काम दिवसाढवळ्या करतो. मॅट हे दोष झाकतो. शिवाय मॅटवरचा टचअप मिसळून जातो, चकाकत्या भिंतीवर मात्र ठिगळ दिसतं आणि अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते.

हे गणित जुन्या गवंड्या-रंगाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. गिरगाव-परळच्या चाळींचे जिने, शाळांचे व्हरांडे, सरकारी दवाखाने आठवावेत: खाली चार-पाच फूट ऑइलपेंटचा पट्टा, वर चुना किंवा डिस्टेंपर. हात, खांदे, ओल्या छत्र्या आणि दप्तरं लागतात तिथे धुता येणारा रंग, वर फक्त उजेड हवा तिथे स्वस्त आणि मॅट. गृहसजावटीच्या कुठल्याही सल्ल्याहून हा पट्टा शहाणा आहे. मुलांच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये तो आजही, मॅट आणि ग्लॉसीच्या मधल्या सॅटिनमध्ये, जरूर करावा.

बाकी खोल्यांचं त्याच न्यायाने. छताला मॅटच, तिथे कुणाचा हात लागत नाही आणि ट्यूबलाइटचा प्रकाश तिरका पडतो. दिवाणखान्यात भिंती सरळ असतील तर हलकी झळाळी चालते, नसतील तर मॅट. स्वयंपाकघरात टाइल्स संपतात तिथून वर सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस हवं, कारण फोडणीची वाफ तेल घेऊनच वर चढते. देवघरात समईची काजळी धरते, तिथेही तेच. बाथरूममध्ये बुरशीरोधक रंग लागतो, पण हवा खेळत नसेल तर कोणताही डबा पुरा पडत नाही.

दारं-खिडक्यांना इनॅमल. मात्र जुना चकचकीत थर पॉलिश पेपरने घासल्याशिवाय नवा हात धरत नाही. घासताना पेपर पाण्यात बुडवून घ्यावा आणि लहान मुलांना लांब ठेवावं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2016 साली आला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच जास्त असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ घातक असते.

कोकणातल्या जांभ्याच्या घरांची गोष्ट वेगळी. तिथल्या भिंतींवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. अशा भिंतीवर हौसेने ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, फुगे येतात आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे हातात येतात.

शहरातल्या सिमेंटच्या भिंतीही दिवाळीपर्यंत आतून वाळलेल्या असतीलच असं नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. आतून दव धरलं, तर सणासाठी फक्त दारं-खिडक्या रंगवून घ्याव्यात, गळतीचं मूळ शोधावं आणि भिंतींचं काम जानेवारी-फेब्रुवारीवर टाकावं.