विजेच्या गाडीचा आवाज

विजेवर चालणारी मोटार जागची हलते तेव्हा शेजारी उभ्या माणसाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनात इंधनाचे स्फोट होतात आणि त्यांचा आवाज सायलेन्सरमधून बाहेर पडतो. विजेच्या मोटारीत स्फोटच नसतात. वेग वाढला की टायर आणि वारा बोलू लागतात, पण ताशी 20 किलोमीटरच्या आत गाडी मुकीच असते. पिंपरी-चिंचवडमधल्या वाकडच्या भूमकर चौकात किंवा कस्पटे वस्तीच्या गल्ल्यांत गर्दीच्या वेळी गाड्या सरकतात त्या साधारण याच वेगाने. कानाच्या भरवशावर रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाचा आधारच त्यामुळे जातो. म्हणून या गाड्यांना पुढच्या बाजूला स्पीकर बसवून आवाज दिला जातो.

हा आवाज केवळ मोठा असून भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या नियमानुसार तो ताशी 10 किलोमीटरला किमान 50 आणि 20 किलोमीटरला किमान 56 डेसिबल हवा, आणि 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यात 1600 हर्ट्झ किंवा त्याखालचा पट्टा असावाच लागतो. वय वाढले की आधी तार स्वर ऐकू येईनासे होतात, हे लक्षात घेतले तर या अटीचे मोल कळते. सर्वांत सुंदर अट स्वराची आहे: 5 ते 20 किलोमीटरच्या दरम्यान वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की स्वर सरासरी किमान 0.8 टक्के चढला पाहिजे. पंधरा किलोमीटरमागे ही चढण 12 टक्के होते. म्हणजे ‘सा’चा जवळजवळ शुद्ध ‘रे’. गाडी वेग घेते आहे की थांबते आहे, हे त्या चढ-उतारावरून डोळे मिटूनही ओळखता येते.

यंत्रातील घटनेला स्वर बांधण्याची ही कला पिनबॉल या चेंडूच्या खेळाच्या यंत्रांत आधीच मुरलेली होती. जुन्या यंत्रांत 10, 100 आणि 1000 गुणांसाठी वेगवेगळ्या धातूच्या पट्ट्या वाजत. खेळाडू फलकाकडे न पाहता गुण ओळखी. 1979 च्या ‘फ्लॅश’ या यंत्रात पार्श्वभूमीचा आवाज खेळ रंगत जाईल तसा चढत जाई. आता जुन्या यंत्राचे ध्वनिफलक बदलून त्यात आपल्या आवडीचे संगीत भरता येते. मात्र प्रत्येक ध्वनी कोणत्या घटनेचा, हे धरूनच फाइल जागेवर ठेवावी लागते. चेंडू हातचा गेला त्या क्षणी विजयाची धून वाजली, तर संगीत कितीही गोड असो, खेळ बिघडतो.

गाडीतही प्रत्येक घटनेला तिचा ध्वनी लागतो. चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या गाड्यांचे ध्वनी ए. आर. रहमान यांच्याकडून करून घेतलेले आहेत. 15 ऑगस्ट 2023 रोजी केपटाऊनला कंपनीने ते जाहीर केले. गाडी चालतानाच्या आतल्या-बाहेरच्या आवाजापासून सीटबेल्टच्या सूचनेपर्यंत 75 हून अधिक ध्वनी त्यात आहेत. पुढे 26 नोव्हेंबर 2024 रोजी ‘बीई 6ई’ आणि ‘एक्सईव्ही 9ई’ या गाड्या समोर आल्या. सीटबेल्टच्या सूचनेसाठी संगीतकार लागावा, याचे नवल वाटायला नको. तोच ध्वनी माणूस वर्षानुवर्षे रोज ऐकणार असतो; तो कर्कश असेल तर कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि सूचना वाया जाते.

गाडीच्या आत मालकाला हवा तो आवाज निवडू देण्यात अडचण नाही. बाहेरचा आवाज मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांचा असतो. अमेरिकेत 2019 साली चालकाला बाहेरचा आवाज निवडू देण्याचा प्रस्ताव आला होता. 2022 मध्ये तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी टेस्लाला सुमारे 5 लाख 78 हजार गाड्यांची दुरुस्ती करावी लागली, कारण ‘बूमबॉक्स’ या सोयीतून बाहेर वाजणाऱ्या आवाजांत पादचाऱ्यांसाठीचा इशारा बुडू शकत होता. भारतात 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 119 व्या नियमाने एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न आधीच निषिद्ध केला आहे. विजेच्या गाड्यांना इशाऱ्याचा आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये काढला: नव्या मॉडेलना ऑक्टोबर 2026 पासून, सर्वांना ऑक्टोबर 2027 पासून. प्रवासी मोटारी, बस आणि मालवाहू गाड्या त्यात येतात; दुचाकी येत नाहीत. विजेवरची चेतक स्कूटर मात्र पिंपरी-चिंचवडमधल्याच आकुर्डीत बनते, आणि फुटपाथ नसलेल्या गल्लीत पायी चालणाऱ्याच्या सर्वांत जवळून जाते ती दुचाकीच.