गाडीला वाट दाखवणारा फोन

सकाळची कामं उरकता उरकता ऐकताय ना? आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. हो, मोटारसायकलबद्दलच. "हे गड्यांचं काम" असं घरात कुणी म्हणालं, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा.

आमचा बचत गट अकोले तालुक्यातला. हातसडीचा तांदूळ, नागलीचे पापड, कुरडया असा माल आम्ही राजूर, शेंडी, घोटीपर्यंत पोचवतो. एसटीची वेळ जुळत नाही, टेम्पोचं भाडं परवडत नाही, म्हणून गटाने दोन वर्षं वापरलेली एक मोटारसायकल घेतली आणि आमच्यातल्या दोघी ती चालवायला शिकल्या. गाडी आली, पण वाट कोण दाखवणार? ओळखीच्या गावांच्या पुढे गेलं की दर फाट्यावर थांबून विचारायचं. संध्याकाळी फाट्यावर विचारायला माणूस नसतो, आणि असला तर तो नसता तर बरं, असंही कधी वाटतं. तेव्हा गाडीला जीपीएस लावायचं ठरलं.

बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "घाटात रेंज नसते, मग हे चालणार कसं?" याचं उत्तर तुमच्या हातातल्या रेडिओत आहे. रेडिओला रिचार्ज लागतो का? नाही. तो नुसता ऐकतो, उलट काही पाठवत नाही. जीपीएस तसंच. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरतात आणि प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो. निदान चार उपग्रहांचं ऐकू आलं की आपण कुठे उभ्या आहोत ते कळतं. याला पैसे पडत नाहीत, सिमकार्डही लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिकेने सामान्य लोकांसाठीचा हा संदेश मुद्दाम अंधुक ठेवला होता, तो त्यांनी मोकळा केला म्हणून आज आपल्याला चुकीचा फाटा कळतो. आपल्या इस्रोचीही अशीच स्वतःची व्यवस्था आहे, नाविक नावाची. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला आणि बऱ्याच नव्या फोनना तिचा संदेशही ऐकू येतो.

मग रेंज गेली की नकाशा कोरा का होतो? कारण जागा उपग्रह सांगतो, पण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. ते आधीच उतरवून ठेवायचं. तालुक्याच्या गावी नेट चांगलं असेल तेव्हा नकाशाच्या अ‍ॅपमध्ये 'ऑफलाइन' असं लिहिलेलं असतं तिथून आपला सगळा भाग डाउनलोड करून घ्या. अधूनमधून तो अपडेटही करावा लागतो. आणि नेट नसलं की फोनला पहिल्यांदा उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात, तेव्हा घाईने निघू नका. मोकळ्या आभाळाखाली थांबा, तोवर हेल्मेटचा पट्टा लावा. दाट झाडीत किंवा दोन्ही बाजूंना कडा असलेल्या खिंडीत जागा थोडी इकडेतिकडे दाखवते, त्यात फोन बिघडला असं काही नाही.

गाडीसाठी जीपीएसचं वेगळं यंत्र मिळतं. पाण्यात टिकतं, उन्हात दिसतं, पण महाग. आम्ही एकीचा जुना फोन घेतला, काच एका कोपऱ्यात तडकलेला. नवा फोन हँडलवर लावू नका, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याचा आतला बारीक भाग खराब होऊ शकतो. आयफोन बनवणाऱ्या कंपनीनेच २०२१ साली तशी सूचना दिली होती. जुन्या फोनच्या कॅमेऱ्याचं काय जातंय!

फोन धरायचा स्टँड घेताना दुकानात हँडलची जाडी सांगा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचा हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा असतो. स्टँड आणि पाइप यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की स्टँड सरकत नाही, हादरेही थोडे कमी बसतात. बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. फोन टाकीला लागतो का, क्लचची तार अडते का, स्पीडचा काटा झाकला जातो का? आमचा पहिल्यांदा टाकीला घासत होता.

आता चार्जिंगचं. आम्ही इथेच फसलो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दिवसभर नकाशा चालू ठेवला तर जुन्या फोनची बॅटरी टिकत नाही. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा चार्जर लावायचा. तो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. आमच्या गॅरेजवाल्या भाऊंनी दहा मिनिटांत लावून दिला. हॉर्नची वायर सोलली, चार्जरची वायर तिला पिळली, वर टेप मारली. फोन चार्ज व्हायला लागला, आम्ही खुश. भाद्रपदात एका संध्याकाळी आमची मैत्रीण घोटीहून एकटी परत येत होती. बारीच्या अलीकडे चढावर गाडी एकदम बंद. हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही, हॉर्न नाही, आणि गाडी नव्या इंजेक्शनच्या पद्धतीची असल्याने इंजिनही नाही. वर पाऊस. फोनवर आपली जागा दिसतेय, पण ती कुणाला कळवायला रेंज नाही. दीड तासाने दुधाचा टेम्पो आला.

झालं असं होतं की चार्जरची वायर हँडलच्या मानेत दाबली जात होती. हँडल वळता वळता तिचं वरचं प्लास्टिक फाटलं आणि आतलं तांबं गाडीच्या लोखंडाला लागलं. चार्जरला स्वतःचा फ्यूज नव्हता, म्हणून गाडीचा मुख्य फ्यूज उडाला. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर तार. जास्त वीज वाहिली की ती आधी जळते आणि पुढचं सगळं वाचतं. पण घरात एका बल्बची वायर बिघडली म्हणून सगळ्या घराचा मेन जावा, तसं आमचं झालं. गाडीच्या फ्यूजच्या डबीत एक जादा फ्यूज होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. अर्थात ती वायर तोडल्याशिवाय तोही जळाला असता.

आता आम्ही असं करून घेतलं आहे. चार्जरसाठी बॅटरीवरून स्वतंत्र वायर, आणि लाल वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज. फोनच्या चार्जरला गाडीकडून साधारण एक अँपिअर लागतो, म्हणजे एवढा फ्यूज पुरतो. "मोठा टाकू, जळणार नाही" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. फ्यूज जळला नाही तर वायर जळते. मध्ये एक रिले बसवला आहे, त्यामुळे चावी बंद केली की चार्जरही बंद. या गाड्यांची बॅटरी लहान असते, रात्रभर चार्जर चालू राहिला तर सकाळी बटणावर गाडी सुरू होईलच असं नाही. वायर मानेजवळ थोडी सैल सोडली आहे आणि बाकी सगळीकडे सांगाड्याला पट्टीने बांधली आहे.

कामाच्या वेळी शेजारी उभ्या राहा. आधी बॅटरीची वजा बाजू, म्हणजे काळी वायर सोडवायची, आणि काम झाल्यावर तीच सगळ्यात शेवटी जोडायची. उलट केलं आणि पाना अधिक बाजूवरून लोखंडाला लागला, तर ठिणगी उडते. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

कायदा काय म्हणतो, असं एका ताईंनी विचारलं. ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमात आहे की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येईल, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही असा. म्हणजे बोलणं नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. आमच्यात ठरलंय की पत्ता घालायचा तो गाडी उभी करूनच. मागे कुणी बसली असेल तर वाट तीच सांगते, पुढचीने रस्त्याकडे बघायचं.

आणि नकाशाचं सगळंच ऐकायचं नाही. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यात, कोतूळजवळ, रात्रीच्या वेळी फोनवरच्या नकाशाप्रमाणे आलेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणाऱ्याचा जीव गेला. नकाशात पूल दिसत होता, पण तो तेव्हा पाण्याखाली होता. पूल कधी बुडतो, दरड कुठे येते, हे उपग्रहाला दिसत नाही, पण गावाला ठाऊक असतं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी आम्ही त्या बाजूच्या गटाला फोन करून विचारतो. पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहेत आणि ती वही डिकीत असते.

या फोनचा आणखी एक उपयोग आम्हाला पुढे कळला. वाड्यांवरची बरीच घरं नकाशात नसतात. आम्ही माल द्यायला गेलो की तिथे थांबून बोट दाबून खूण करतो आणि खाली येणारे दोन आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, वहीत उतरवतो. गेल्या पावसाळ्यात एका वाडीवरच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लागला, पण ड्रायव्हरला वाडी सापडेना आणि नेट नसल्याने लोकेशन जाईना. आमच्या वहीतले आकडे साध्या मेसेजने गेले. नेट नसतानाही मेसेज जातो. गाडी वाडीच्या खालच्या ओढ्यापर्यंत आली, तिथून तिला डोलीतून उतरवली. मुलगी झाली, आता रांगते आहे. आशाताईंनी ते सगळे आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आहेत, आणि ज्या सात घरांचे राहिलेत तिकडे आम्ही या बुधवारी कुरडया घेऊन चाललो आहोत.