न्याहारीसाठी ज्वारीच्या तिखट कण्या

रात्री ८ वाजता जेवलेले मूल सकाळी केवळ चहा पिऊन शाळेत आले, तर दुपारी १ वाजता मिळणाऱ्या शालेय भोजनापर्यंत त्याच्या पोटात १७ तास पुरेसे अन्न गेलेले नसते. सेनगाव तालुक्यात सुगीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतावर जातात. अशा वेळी न्याहारी राहून जाणे स्वाभाविक आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे शालेय भोजनात १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. परंतु ते भोजन न्याहारीची जागा घेऊ शकत नाही. तोपर्यंत वाचन व गणिताचे तास होऊन गेलेले असतात.

यावर आपल्या घरच्या ज्वारीतच सोपा उपाय आहे. ज्वारी जात्यावर जाडसर भरडावी व चाळून पीठ भाकरीसाठी वेगळे काढावे. उरलेल्या कण्या पाखडून डब्यात भरून ठेवाव्यात.

चार मुलांसाठी १ वाटी कण्या व पाव वाटी मुगाची डाळ धुऊन रात्री भिजत घालावी. सकाळी पातेल्यात २ मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, लसूण व कांदा यांची फोडणी करावी. हळद व बेताचे तिखट घालून गाजर, दुधी, गवार यांपैकी मिळेल ती १ वाटी चिरलेली भाजी परतावी. नंतर निथळलेल्या कण्या व डाळ, ५ वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवावे व मंद आचेवर सुमारे अर्धा तास शिजवावे. तळाला लागू नये म्हणून मधूनमधून ढवळावे. मेथी किंवा पालक असल्यास शेवटची ५ मिनिटे घालावा. खाली उतरल्यावर लिंबू पिळावे.

यातील प्रत्येक जिन्नसाला कारण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असल्याने दोहोंचा मेळ उत्तम बसतो. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यभाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. ते उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू शेवटी पिळावयाचे. चहा मात्र लोहाच्या शोषणास अडथळा करतो. यास्तव कण्यांबरोबर तो देऊ नये.

शिक्षकांनी माता-पालकांच्या सभेत ही कृती प्रत्यक्ष करून दाखवावी. कण्या व पाण्याचे १ः५ हे प्रमाण गणिताच्या तासाला उदाहरण म्हणूनही उपयोगी पडेल. वर्गात एखादे मूल पेंगत असेल, तर त्यास रागावण्यापूर्वी, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, “सकाळी काय खाल्लेस?” एवढे विचारावे. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे, हे ध्यानी घेऊन त्याच्या घरी ही कृती पोहोचवावी.