टोळी निघण्याआधी

दिवाळी आटोपली की मेळघाट रिकामा होऊ लागतो. धारणी-चिखलदऱ्यातली कोरकू कुटुंबं बोचकी बांधून घाट उतरतात. कुणी अमरावती-अकोल्याकडे हरभरा सोंगायला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर, तर कुणी थेट मध्य प्रदेशात. होळीला मात्र माणसं गावी परततात. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण. या मधल्या महिन्यांत कुठे कुणाला डांबून ठेवलं, मजुरी बुडवली, अशी बातमी आली की सगळ्यांच्या नजरा भट्टीकडे नाहीतर मळ्याकडे वळतात. माझ्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. माणूस अडकतो तो त्याच्या आधी, स्वतःच्या गावात, ऐन पावसाळ्यात.

तेव्हा हाताला काम नसतं आणि घरातलं धान्य संपत आलेलं असतं. पोळा तोंडावर असतो, पोरगं तापाने फणफणलेलं असतं. नेमक्या अशा दिवसांत मुकादम येतो. तो बहुतेकदा ओळखीचा, कधी नात्यातलाही असतो. हातावर रोख ठेवतो. कागद नाही, पावती नाही. आकडा मुकादमाच्या डायरीत. ही उचल. कामाचं ठिकाण कोणतं, दर काय, परत कधी, हे विचारायची ती वेळच नसते. पुढे जायच्या दिवशी कुणी कां-कू केलं तर घरातलीच माणसं म्हणतात, ‘उचल घेतली, आता जाच लागते.’

उचल म्हणजे नेमकं काय होतं ते ऊसतोडीच्या हिशेबात स्वच्छ दिसतं. ऊसतोड म्हटलं की बीड आठवतं, पण बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा, लोणार भागातूनही टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. समजा, एका कोयत्याने 80 हजार रुपये उचलले आणि तोडणीचा दर टनाला 366 रुपये धरला, तर फक्त उचल फेडायला 219 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन पडला तरी हे झाले 110 दिवस, तेही एक दिवस न चुकता. पण माणूस आजारी पडतो, बाई बाळंत होते, पाऊस येतो. कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे मजुराच्याच नावावर. आठवड्याला किराण्यासाठी मिळणारी खर्चीही त्याच डायरीत चढते. हंगाम संपतो तेव्हा पुष्कळांच्या नावावर बाकी निघते आणि ती ‘फिटेपर्यंत’ पुढच्या वर्षीचं येणं ठरून जातं. बीड जिल्ह्यात 2019 साली 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. यामागची कारणं अनेक असतील. पण खाड्याच्या धाकाचा विचार न करता हा आकडा समजून घेता येणार नाही.

मुकादमाला खलनायक ठरवणं सोपं आहे. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्यांना. मजूर पळाला तर मुकादमाची मान अडकते, म्हणून तो मजुराची धरतो. ज्याला खरोखर माणसं हवी असतात तो साखळीच्या वरच्या टोकाला बसलेला असतो आणि कागदोपत्री त्याचा या मजुरांशी काही संबंधच नसतो. सगळी गोम इथे आहे.

या साखळीचं अगदी उघडंवाघडं रूप जून 2023 मध्ये दिसलं. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलिसांनी विहिरी खोदणाऱ्या 11 मजुरांची सुटका केली. रात्री पळू नयेत म्हणून त्यांना साखळदंडाने बांधून ठेवत. बारा-बारा तास विहिरीत काम आणि एक वेळचं जेवण. कामाच्या शोधात आलेली ही माणसं दलालांनी हेरली आणि काही हजार रुपयांना कंत्राटदारांच्या हवाली केली होती. त्यांतला एक जण निसटून हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला, म्हणून हे बाहेर आलं. हिंगोली म्हणजे वऱ्हाडाच्या वेशीवरचाच मुलूख. साखळदंड होते म्हणून या प्रकरणाची बातमी झाली. डायरीने बांधलेल्यांची होत नाही.

कायद्याला मात्र डायरी दिसते. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहेच. ऑक्टोबर 1975 मध्ये आधी अध्यादेश आला आणि 1976 साली बंधबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. नुसती उचल देणं हा त्यात गुन्हा नाही. पण उचलीच्या बदल्यात किमान वेतनाहून कमी मजुरी, दुसरीकडे काम करायला मनाई, किंवा हिंडण्याफिरण्यावर बंधन, यांतली एक गोष्ट जरी जोडली गेली की ती बंधबिगारी ठरते. मग ते कर्ज कायद्यानेच रद्द. ते वसूल करणं हाच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कर्ज बंधबिगारीचं नव्हतं, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नाही, सावकारावर आहे. ही तरतूद मला या कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते, आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेलीही. त्यापुढे 1982 मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने म्हटलं की माणूस भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच.

सुटका झालेल्याला 2016च्या केंद्रीय योजनेत पुरुषासाठी 1 लाख, बायका-मुलांसाठी 2 लाख आणि अतिगंभीर प्रकरणात 3 लाखांची मदत आहे. मात्र मोठी रक्कम खटल्याच्या निकालाला बांधलेली. आपल्याकडचे खटले किती वर्षं चालतात हे सांगायला नको. म्हणून सुटकेनंतरच्या मदतीपेक्षा भरतीच्या वेळची नोंद मोलाची.

ती शक्य आहे हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवलं आहे. हमाल-माथाडीसुद्धा पूर्वी टोळीवाल्याच्या मुठीत असत. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा आला. कामगार आणि मालक दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मालकाने मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला द्यायची. आज त्या मंडळांतही गैरप्रकार आहेत, कबूल. पण मधल्या माणसाच्या हातातली पैशाची किल्ली काढून घेता येते, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या बाबतीत हे धाडस अजून कुणी केलेलं नाही.

शिकलेल्या पोरांनी मात्र आपण यातून सुटलो असं समजू नये. मार्च 2025 मध्ये म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या 500हून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. डेटा एंट्रीची नोकरी, थायलंडचं तिकीट, उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतलेला, आणि सोडायला पैशांची मागणी. डायरीच्या जागी लॅपटॉप आला, एवढंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने 2021 मध्ये जगात 2 कोटी 76 लाख लोक सक्तीच्या मजुरीत होते. भरतीचा खर्च कामगाराने नव्हे, मालकाने सोसावा, असं ही संघटना सांगते. आपल्याकडे परदेशी भरतीसाठी नोंदणीकृत एजंटाला जीएसटी सोडून 30 हजार रुपयांपर्यंतच शुल्क घेता येतं. लाखांची भाषा करणारा एजंट तिथेच ओळखावा, आणि त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी.

आता थोडं आपल्या वाचकांशी. संत्र्याच्या बागेला, तुरीच्या सोंगणीला, घराच्या बांधकामाला माणसं लागतातच, आणि ती बऱ्याचदा मुकादमाकडूनच येतात. दर किती ठरलाय हे मजुराला स्वतः विचारा. पैसे त्याच्या, आणि बाईचे बाईच्याच हातात किंवा खात्यात द्या. आधार कार्ड कुणी ठेवून घेतलंय का, तेही पाहा. काही खटकलं तर तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार द्या. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर बंधबिगार दक्षता समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. फुकट कायदेशीर सल्ल्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.